जायरोकॉप्टर शिकताना लँडिंगमध्ये सर्वात जास्त काळजी कशाची घ्यावी?

इंजिन बंद पडलं तर काय, ही धास्ती बहुतेकांना असते, पण रोटर (डोक्यावरची फिरणारी पाती) उडताना इंजिनावर फिरतच नाही. तो खालून येणाऱ्या हवेवर फिरतो, म्हणून इंजिनाशिवाय उतरणं हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. खरा धोका वेग घटण्यात आहे. जमिनीजवळ वेग गेला की यंत्र झपाट्याने खाली बसतं आणि तो परत मिळवायला उंचीच उरत नाही. तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये दिलेला अ‍ॅप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी खाली येतानाचा, वेग फ्लेअरपर्यंत (टेकण्याआधी नाक थोडं वर उचलण्यापर्यंत) सोडू नका.

मागची दोन चाकं आधी टेकली पाहिजेत. अनेक जायरोंमध्ये पुढचं चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. बाजूच्या वाऱ्यात एक पेडल दाबलेलं असताना ते टेकलं, तर यंत्र झटकन वळतं आणि कलंडू शकतं. म्हणून ते टेकण्याआधी पेडल सरळ करा.

चाकं टेकली म्हणजे लँडिंग संपलं, असं नाही, आणि माझ्या मते शिकाऊ लोक घाई करतात ती इथेच. रोटर अजून जोरात फिरत असतो. यंत्र थांबेपर्यंत स्टिक (हातातली नियंत्रणाची दांडी) मागे, मग पुढे घेऊन वाऱ्याच्या बाजूला किंचित कललेली ठेवा. रोटर मंदावल्याशिवाय धावपट्टीवरून वळू नका.

फ्लेअरमध्ये यंत्र पुन्हा वर उचललं गेलं, तर घाबरून स्टिक पुढे ढकलू नका. ती स्थिर धरा, पॉवर द्या, वेग आला की वर चढा आणि पुन्हा फेरी घेऊन या. प्रशिक्षक त्यासाठी कधीच रागावणार नाही.