वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील टाइट एंडची जागा

प्रश्न : टाइट एंडला (रेषेच्या टोकाला उभा राहून समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) पास चालतो ना? मग एका सामन्यात त्याने झेललेल्या पासवर फ्लॅग (नियमभंगाची पंचाची खूण) का पडला?

उत्तर : बहुधा तो झाकला गेला असणार, आणि यात चूक बऱ्याचदा शेजारच्या वाइड रिसीव्हरची (बाहेरच्या बाजूला उभा राहून पास झेलणाऱ्याची) असते. आक्रमणाच्या 11 जणांपैकी 7 जण स्क्रिमेज रेषेवर (खेळ सुरू होताना चेंडू जिथे असतो ती आडवी रेषा) लागतात. त्यांतल्या फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना पास घेता येतो. त्याच बाजूचा रिसीव्हर बाहेर रेषेवरच उभा राहिला, की टोक त्याचे होते, टाइट एंड झाकला जातो आणि त्याचा हक्क जातो. मग चेंडूला हात न लावताही दंड होऊ शकतो. एनएफएलमध्ये (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) असा खेळाडू पास सुटण्याआधी 1 यार्डापेक्षा पुढे गेला, तर 5 यार्ड जातात.

म्हणून त्या बाजूचा रिसीव्हर थोडा मागे उभा राहतो आणि स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी) हाताने खूण करून बाजूच्या पंचाकडून जागा ताडून घेतो. मात्र दोघेही मागे सरकले, तर रेषेवर सहाच उरतात. त्यालाही 5 यार्डच.

प्रश्न : आमच्या टाइट एंडला डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या ओळीच्या टोकाचा खेळाडू) सहज मागे रेटतो. वजन वाढवावे का?

उत्तर : आधी पहिले पाऊल बघा. ते लांब पडले, की धडकेच्या वेळी एक पाय हवेत राहतो आणि मग वजनदार गडीही ढकलला जातो. पहिले पाऊल 6 इंचांच्या आत हवे, दुसरे टेकताना धडक. गुडघे वाकलेले, खांदे समोरच्याच्या खांद्यांपेक्षा खाली, पण नजर वर; डोके खाली घालून धडकणे मानेला धोक्याचे. तळवे त्याच्या छातीवर, अंगठे वर. हात बाहेरून गेले, तर जर्सी पकडली जाते आणि होल्डिंगचे 10 यार्ड बसतात. धडकेनंतर पाय थांबवू नयेत. बहुतेक ब्लॉक (समोरच्याला अंगाने अडवणे) तिथेच सुटतात.

आणखी एक : धावेच्या खेळात (चेंडू घेऊन पळायचा असतो तेव्हा) सुरुवातीला जमिनीवर टेकलेल्या हातावर भार देऊन बोटे पांढरी पडत असतील आणि पासच्या वेळी पडत नसतील, तर समोरचा ते वाचतो. भार दोन्ही वेळी सारखाच ठेवा.

प्रश्न : या जागेवर बास्केटबॉलपटू कसे चालतात?

उत्तर : रिबाउंडसाठी (बास्केटला लागून परतलेल्या चेंडूसाठी) अंगाने जागा अडवून उंचावर चेंडू घ्यायची सवय गोलरेषेजवळ थेट कामी येते. एनएफएलमधला नामांकित टाइट एंड अँटोनिओ गेट्स केंट स्टेट विद्यापीठात बास्केटबॉलच खेळला, महाविद्यालयीन फुटबॉल नाही. ब्लॉकिंग मात्र अशा खेळाडूला पहिल्या पावलापासून शिकवावे लागते.