चंद्रकांत मणी चांदण्यात पाझरला नाही, म्हणजे खोटा का?

आजीकडून आलेला चंद्रकांत तुम्ही पौर्णिमेला रात्रभर चांदण्यात ठेवलात आणि तो पाझरला नाही, म्हणून तो खोटा असल्याची शंका तुम्हाला आली आहे. ती काढून टाका. चंद्रकिरणांनी चंद्रकांत द्रवतो हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे, सूर्यकांत उन्हाने पेटतो त्याच्या जोडीचा. आज चंद्रकांत म्हणतात तो खडा म्हणजे मूनस्टोन; कवींचा मणी आणि हा एकच, असंही धरून चालू नका.

मूनस्टोनच्या आतली निळसर झाक मात्र अगदी खरी, आणि मला तीच जास्त विलक्षण वाटते. मूनस्टोन हे फेल्डस्पार कुळातलं खनिज. शिलारस तापलेला असताना पोटॅशियम आणि सोडियम एकाच स्फटिकात सुखाने नांदतात. पण पोटॅशियमचा कण मोठा, सोडियमचा लहान. स्फटिक हळूहळू निवू लागला की दोघांचं जमेनासं होतं. घट्ट झालेल्या दगडाच्या आतच ते वेगळे होतात आणि ऑर्थोक्लेज (पोटॅशियमवालं फेल्डस्पार) व अल्बाइट (सोडियमवालं) यांचे एकाआड एक पापुद्रे तयार होतात, प्रकाशाच्या तरंगलांबीइतके बारीक. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. पापुद्रे फार पातळ असले तर झाक निळी, जाड असले तर दुधी. म्हणून याला सहसा पैलू पाडत नाहीत, घुमटासारखा गुळगुळीत आकार देतात. पापुद्रे तळाला समांतर ठेवले तरच चांदणं मधोमध उतरतं. मी घासलेल्या पहिल्या खड्यात ही दिशा चुकली आणि झाक एका कडेला जाऊन बसली. अजून हळहळ वाटते.

तुमचा खडा हलवून बघा. झाक पृष्ठभागाखाली सरकत असेल तर चांगली खूण आहे. उजेडासमोर धरल्यावर नारिंगी दिसत असेल, तर ती ओपलाइट नावाची काच असण्याची शक्यता मोठी. ‘रेनबो मूनस्टोन’ खोटा नसतो, पण तो लॅब्रॅडोराइट असतो, म्हणजे फेल्डस्पार कुळातलाच चुलत भाऊ.

आता श्रद्धेचं. पुरुषसूक्तात चंद्र विराट पुरुषाच्या मनातून जन्मला असं म्हटलंय, आणि ज्योतिषातही चंद्र मनाचा कारक. त्याचं रत्न मोती; चंद्रकांत हे उपरत्न. (चंद्रावर माणूस उतरला त्याच्या स्मरणार्थ अमेरिकेतल्या फ्लोरिडानं १९७० साली हाच खडा राज्यरत्न केला, तिथे तो सापडत नसूनही!) दगडातून मनावर काही परिणाम होतो असं मी म्हणणार नाही, झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडेच जा. पण आजीने वर्षानुवर्षं बोटात घातलेली वस्तू हातात घेऊन मन निवत असेल, तर ते निवणं खोटं नाही.

एक मात्र सांभाळा. खनिजांची कठिणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोहस् मापावर याची कठिणता ६ ते ६.५, आणि धुळीतल्या क्वार्ट्झची (गारेची) ७, त्यामुळे कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. दोन दिशांना तो सहज फुटतो, म्हणून दागिने कंपनांनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस्स.