रात्रीचा कॉल आणि घर

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत डेव्हलपर आहे, न्यूयॉर्कच्या क्लायंटचा रोजचा कॉल साडेसातला असायचा, नोव्हेंबरपासून साडेआठला गेलाय, घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. मॅनेजरला कसं सांगू?

उत्तर : अरे, वाचून पोटात तुटलं. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात, आपण नाही घेत, म्हणून त्यांचे सकाळचे 10 म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि हे मार्चपर्यंत चालणार. नुसतं त्रास होतो म्हणू नकोस, सरळ सांग की तेवढे चार महिने कॉल त्यांच्या 9 ला घ्या, म्हणजे इथे परत साडेसात. नाहीच जमलं तर टीममध्ये पाळ्या लावून घ्या, आणि तुझ्या पाळीला कॉल घरूनच घे, मुलीला झोपवायला तरी मिळेल रे.