‘मॅडम, टक्के आले की माझं डोकं बंद होतं’

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली माझ्याकडे येतात त्या बहुतेक घरच्या आठवणीनं कासावीस होऊन. पण एखादी विचारतेच, “माझं गणित कच्चं आहे. माझ्या हातून पेशंटचं काही बरंवाईट झालं तर?” ही मुलगी निफाडकडची, द्राक्षबागायतदाराची. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

तिला एक गणित दिलं. 5 टक्के हायपोक्लोराइटपासून (हे जंतुनाशक) 1 टक्क्याचं 5 लिटर द्रावण करायचं. तिनं लिहिलं: औषध 1, पाणी 5. काय 1, काय 5? लिटर, मिली काहीच लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर बेरीज 6 लिटर होतेय हे तिचं तिलाच दिसलं असतं.

मी विषय बदलला. “बागेवर बुरशीसाठी फवारायचं बोर्डो मिश्रण कोण कालवतं?”

“पप्पा. कधीकधी मी.”

“एक टक्क्याचं कसं करता?”

“शंभर लिटरला किलोभर मोरचूद, किलोभर चुना.”

“आणि पंधरा लिटरच्या पंपाला?”

“दीडशे-दीडशे ग्रॅम.” पापणी लवायच्या आत. वर म्हणाली, “पण ते गणित नाही हो मॅडम, ते शेतीचं!”

किलोचे ग्रॅम आणि शंभराचं प्रमाण पंधराला, दोन्ही तिनं एका दमात केलं होतं. वर्गात मात्र ती आधी सूत्र आठवायची आणि मग त्यात आकडे कोंबायची. सूत्र वाईट नसतं. पण घाबरलेल्या मुलीला ते आधी देऊ नये, असं माझं मत आहे.

मग तिच्याच भाषेत पुढे गेलो. 1 टक्का म्हणजे 100 मिलीत 1 ग्रॅम, म्हणजेच 1 मिलीत 10 मिलिग्रॅम. 0.9 टक्के सलाइनच्या 500 मिलीच्या बाटलीत मीठ किती? थोडं थांबून म्हणाली, साडेचार ग्रॅम. हायपोक्लोराइट पाचपट पातळ करायचं, म्हणजे एकूण पाच भागांत औषध एक भाग: 1 लिटर औषध, 4 लिटर पाणी. हे तिनं आपणहून खोडून लिहिलं.

‘घाबरू नकोस’ असं मी तिला म्हटलं नाही. औषध भरताना थोडी धास्ती हवीच. म्हणून तर वॉर्डात जोखमीच्या औषधाचा हिशेब दुसरी सिस्टरही तपासते.

मायक्रोग्रॅम आलं की ती अजून अडखळते. मग कागदाच्या कोपऱ्यात ‘1 मिलिग्रॅम = 1000 मायक्रोग्रॅम’ लिहिते आणि पुढे जाते. मैत्रिणी हसतात. मी तिला ती सवय सोडायला सांगितलेली नाही.