वडील साठीला आलेत, चाळीस वर्षं बिडी ओढतायत. आता सोडून काही फायदा आहे का?

तुमचे वडील म्हणतात, ‘जे व्हायचं ते झालं, आणि बिडी मारल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ माझं औषधाचं दुकान आहे, काउंटरवर हे रोजच ऐकतो.

फायदा आहे. ब्रिटनमध्ये 1951 पासून पन्नास वर्षं डॉक्टरांच्याच सवयींवर लक्ष ठेवलं गेलं. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांना त्यातली साधारण तीन वर्षं परत मिळाली. फुप्फुसाचं जे गेलं ते भरून येत नाही, हे खरंय. पण पुढची घसरण मंदावते, आणि सत्तरीत जिना चढता येणार की नाही ते त्यावर ठरतं.

‘बिडीत केमिकल नसतं’ हेही ऐकाल. बिडी ज्यात वळतात त्या टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, त्यामुळे ती विझू नये म्हणून भराभर झुरके मारावे लागतात. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. ‘दिवसाला दोनवर आणतो’ यानेही भागत नाही. रोज एका सिगारेटनेसुद्धा हृदयाला बराच धोका राहतो.

पोटाचं म्हणाल तर वडील खोटं बोलत नाहीत. निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. रात्री इसबगोल द्या, पाणी वाढवा, सकाळी चालायला लावा. काहींचा खोकलाही आधी वाढतो, कारण फुप्फुसं साचलेला कफ बाहेर टाकायला लागतात. नेमकं इथेच घाबरून माणूस पुन्हा बंडल आणतो.

बिडीची तलफ भागवायला निकोटिन गम चालतो, पण तो साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. तसा चघळला की उचकी लागते, घसा जळतो आणि गिऱ्हाईक ‘हे आपल्याला मानवत नाही’ म्हणत फोडलेलं पाकीट परत घेऊन येतं. (मी घेत नाही.) हळूहळू चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायचा. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं तरी थांबायचं. कवळी असेल तर गम चिकटतो, मग कातडीवर चिकटवायचा निकोटिन पॅच बरा. हृदयाचा त्रास असेल तर दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, पण फोन वडिलांनाच करू द्या.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो: दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल, तर बिडी सोडताना डॉक्टरांना नक्की कळवा. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. धूर थांबला की तोच डोस जास्त होतो, मळमळतं, छाती धडधडते. गोळी कमी करून मिळते, मनाने बंद करू नका.