युनियन असलेल्या कंपनीत ट्रक ड्रायव्हर म्हणून लागायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही शिरपूरकडचे, वय २३, हलक्या वाहनाचं लायसन्स दीड वर्ष जुनं, सध्या मालकाच्या दहाचाकीवर क्लिनर. विचारलंय की युनियन असलेल्या कंपनीत ट्रकवर कसं लागायचं, पगार किती मिळतो, आणि आधी युनियनमध्ये जायचं की आधी नोकरीत.

आधी नोकरीत. युनियन कोणाला कामाला लावत नाही. 'इतके हजार द्या, युनियनच्या कोट्यातून लावून देतो' असं कोणी म्हणालं तर चहा संपवायलाही थांबू नका, उठा. आणि नाक्यावर, ट्रान्सपोर्ट नगरात ज्याला 'ट्रक युनियन' म्हणतात ती बहुतेक ठिकाणी गाडीमालकांची असते. ती गाड्यांचे नंबर लावते, भाड्याचं बघते. ड्रायव्हरच्या पगाराशी, पीएफशी तिचं देणंघेणं नसतं. तिथली पावती फाडून कामगार म्हणून काहीही पदरात पडत नाही. हमालांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. ड्रायव्हर त्यात बसत नाही.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाही. वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स १ वर्ष जुनं, या दोन्ही अटी तुमच्या पूर्ण आहेत. सारथी या सरकारी वेबसाइटवर ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढा. डॉक्टरचा फॉर्म १-ए आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. लर्निंगनंतर ३० दिवसांनी टेस्ट देता येते. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, तेव्हा कोणी दाखल्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. तोवर हात बसवायला छोटी गाडी चालवा. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. पण वजन आरसी बुकात लिहिलेलं धरायचं, मालक तोंडी सांगतो ते नाही.

कंपनीच्या ट्रायलला पोरं सरळ रस्त्यावर नापास होत नाहीत. नापास होतात ती रिव्हर्सला, चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलताना, आणि उताराला. लळिंग असो, कोंडाईबारी असो की पळासनेरच्या पुढचा बिजासन, भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) चालू ठेवायचा आणि पायब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा. सतत पाय ठेवला की ड्रम तापतो, लायनर धरत नाही, आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर कितीही जुना असो, त्याच्याकडून काही शिकू नका. सकाळी गाडी चालू केल्यावर हवेचा बझर बंद होईपर्यंत हलवायची नाही, आणि हवेच्या टाकीखालचा कॉक ओढून पाणी रोज काढायचं. परीक्षक जाणकार असेल तर तुम्ही स्टिअरिंगला हात लावण्याआधी गाडीभोवती फेरी मारली का, एवढंच बघून अर्धे मार्क देतो.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. गेटवर कंपनीचा बोर्ड आहे, आत युनियनचा झेंडा आहे, गाडीवर कंपनीचं नाव आहे, म्हणून तुम्ही कंपनीचे ड्रायव्हर झालात असं नाही. नेमणूकपत्र कोणाच्या सहीचं आहे ते बघा. कंत्राटदाराचं असेल तर कंपनीच्या वेतनकरारात, म्हणजे युनियनशी झालेल्या पगाराच्या करारात, तुम्ही बहुतेक नाही. पत्रच नसेल तर तुम्ही कुठेच नाही. दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) चालू करून पीएफचं पासबुक उघडा, त्यात आस्थापनेचं नाव येतं. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कार्डावरही मालक कोण ते दिसतं. हे नाव आणि पगार देणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर त्याच आठवड्यात युनियनच्या माणसाला दाखवा, वर्षभराने नाही.

मग हजेरी. ड्रायव्हरचं सगळ्यात जास्त नुकसान हजेरीत होतं आणि त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, कायम करण्याची मागणीही त्यावरच उभी राहते. म्हणून बदली ड्रायव्हरला २४० च्या अलीकडे 'ब्रेक' देतात, म्हणजे काही दिवस कामावरून बसवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ट्रकवर ब्रेक न देताही दिवस खाता येतात. समजा रावेरहून केळी भरून गाडी दिल्लीला गेली. जाताना-येताना चाकं फिरली ते दिवस मस्टरवर लागले. मंडीत खाली व्हायला दोन दिवस लागले, परतीच्या मालासाठी तीन दिवस थांबवलं, ते दिवस कोरे. गाडी तुमच्या ताब्यात, तुम्ही केबिनमध्ये झोपलात, ताडपत्री राखलीत, आणि कागदावर मात्र तुम्ही घरी होतात. अशा पाच-सहा ट्रिपांत महिना जातो. वर्षाच्या शेवटी २४० च्या जागी २१० निघतात आणि साहेब वही पुढे करून म्हणतो, मोजून घ्या.

यावर इलाज एकच, ट्रिपशीट. निघायची तारीख आणि वेळ, पोहोचल्यावर गेटवरचा इन-आउट शिक्का, खाली झाल्याची वेळ, परत आल्यावर किलोमीटर आणि सही. थांबलेल्या दिवसांपुढे 'हॉल्टिंग, गाडी ताब्यात' असं स्वतःच्या हाताने लिहायचं आणि जमा करण्याआधी फोटो काढायचा. बिल्टी (मालाची पावती), डिझेलची पावती, टोलचे मेसेज, सगळं एका जागी ठेवायचं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की २४० दिवस भरले हे कामगाराने सिद्ध करायचं, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. दुसरीकडे, १९८५ च्या निकालाप्रमाणे रविवार आणि पगारी सुट्ट्या या २४० मध्ये धराव्या लागतात. हे दुसरं कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही. दर महिन्याच्या पगारपत्रकावर हजर दिवस छापतात, ते आपल्या वहीशी ताडून बघा आणि फरक असेल तर त्याच महिन्यात लेखी द्या. तोंडी तक्रार केलीत तर ती केलीच नाही असं समजा.

गाडी ताब्यात घेतानाही कागद हवा. टायरचे नंबर, बॅटरीचा नंबर, स्टेपनी, जॅक, टॉमी, ताडपत्री, दोर, सगळं लिहून सही घ्या. टायर बदललेला निघाला तर पैसे ड्रायव्हरच्या पगारातून जातात. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाची पातळीही लिहा, कारण तो संपला की गाडीचा जोर कमी होतो आणि ठपका ड्रायव्हरवर येतो. मालात घट आली म्हणून परस्पर पगार कापता येत नाही. तुमची चूक दाखवावी लागते, म्हणणं मांडायला संधी द्यावी लागते, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. काटापावतीचा फोटो काढून सुपरवायझरला पाठवा आणि 'वजन जास्त आहे' एवढं लिहा. वाराईचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे) पैसेही खिशातून देऊ नका. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा गाडीमालक देतात, पण ती ड्रायव्हरच्याही कामाची आहे.

पगाराचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. युनियनच्या कंपनीत तो वेतनकरारात छापलेला असतो, त्याची प्रत मागून मूळ पगार आणि महागाई भत्ता वाचा. ट्रिपचा भत्ता त्यात मोजू नका. इथे माझं आणि माझ्या साडूचं जुनं भांडण आहे. त्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत. त्यांचं म्हणणं, खासगी गाडीवर महिन्याला हातात जास्त पडतं आणि युनियनवाले नुसती वर्गणी खातात. हातात जास्त पडतं हे खरं आहे. पण ग्रॅच्युइटी काढतात ती मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याचा २६ वा भाग काढून त्याची १५ पट, गुणिले वर्षं. ट्रिपचा भत्ता त्यात सहसा धरत नाहीत. अपघाताच्या भरपाईतही प्रवासभत्ता वेतनात धरत नाहीत. पाय गेला तर मालक पहिल्या दिवशी दवाखान्यात येतो, महिन्याभराने त्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर एकत्र येत नाहीत, हे साडूंचं दुसरं वाक्य. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातल्या हिट अँड रनच्या (अपघात करून पळून जाण्याच्या) कलमावरून गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीतले इंधनाचे टँकरही थांबले होते. ते कलम पुढे जुलैमध्ये बाकीचा कायदा लागू करताना बाजूला ठेवलं गेलं.

पानेवाडीचं नाव निघालंच आहे तर, टँकरवर जायचं असल्यास धोकादायक मालाचं ३ दिवसांचं प्रशिक्षण करून लायसन्सवर नोंद घ्या. ती ३ वर्षं चालते. टँकरचे ड्रायव्हरही बहुधा ट्रान्सपोर्टरचेच असतात, तेव्हा नेमणूकपत्राचा नियम तिथेही तोच.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. २४० दिवस भरले की आपोआप कायम होतं असं नाही, त्यासाठी मागणी आणि बहुधा भांडण करावं लागतं, आणि तिथे युनियन लागते. नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे नव्या श्रमसंहितांत गेलेत. कलमांचे आकडे बदललेत, म्हणून अर्ज करताना जुनं कलम लिहू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून लिहा. आणि सगळ्याच युनियन चांगल्या नसतात. नोंदणी क्रमांक विचारा, वर्गणीची पावती तुमच्या नावाने मागा, मागच्या कराराची प्रत दाखवतात का बघा. दाखवली नाही तर वर्गणी देण्याआधी जुन्या दोन ड्रायव्हरांना वेगवेगळं गाठून विचारा.

सध्याच्या मालकाकडून क्लिनर म्हणून केलेल्या कामाचं पत्र मात्र आत्ताच घ्या. नोकरी सोडल्यावर तो देणार नाही.