गव्हाच्या काडापासून व्हिस्कोससाठी, म्हणजे सेल्युलोजपासून बनणाऱ्या रेयॉन तंतूसाठी, लागणारा लगदा तयार करता येतो का?

होय, येतो, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत विटेनबर्गे येथील कारखान्यात काडाच्याच लगद्यापासून व्हिस्कोसचे तंतू काढले जात होते. मात्र कागदासाठी काड जसे नुसत्या कॉस्टिक सोड्यात शिजवतात, तेवढ्याने येथे भागत नाही, कारण व्हिस्कोसच्या लगद्यात अल्फा सेल्युलोज (तीव्र कॉस्टिक सोड्यात न विरघळणारे सेल्युलोज) साधारणपणे ९० टक्क्यांहून अधिक लागते, आणि काडात सेल्युलोजच्या जोडीला झायलानसारखे हेमिसेल्युलोज (आखूड साखळ्यांची, सहज विरघळणारी शर्करायुगे) भरपूर असते, जे राहून गेले तर व्हिस्कोसचे द्रावण नीट गाळले जात नाही. म्हणून धूळ काढून कापलेले काड आधी सुमारे १५० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात किंवा सौम्य आम्लात ठेवतात. या पूर्वजलविच्छेदनात हेमिसेल्युलोजचा मोठा भाग विरघळून साखरांच्या रूपात बाहेर पडतो. त्यानंतर अल्कलीत शिजवून लिग्निन (तंतूंना एकमेकांशी चिकटवणारा पदार्थ) काढतात व लगदा विरंजित, म्हणजे पांढरा, करतात. गरज भासल्यास थंड कॉस्टिकने उरलेले हेमिसेल्युलोजही धुऊन काढतात.

खरी डोकेदुखी काडातील सिलिकाची, म्हणजे वाळूत असते त्या खनिजाची, आहे. तो अल्कलीत विरघळून काळ्या द्रावात (काड शिजवल्यावर उरणाऱ्या द्रावात) उतरतो, तो आटवणाऱ्या बाष्पकांच्या नळ्यांमध्ये कठीण थर धरतो आणि सोडा परत मिळवणे महाग करून ठेवतो. लगद्यात राहिलेला अंश गाळण्या व तंतू काढण्याची बारीक छिद्रे तुंबवतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका गव्हाच्या काडापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे वरील ‘होय’ पेंढ्याला तितक्याच खात्रीने लागू करू नये.